पाण्याखालच्या आसरा

मुळा धरणाचं पाणी आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. त्याच पाण्याखाली साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, जुनं ठाणं बुडालेलं. दोनदा माझी कूस रिकामी झाली आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी काठावरून त्यांची ओटी भरली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा त्या पुन्हा खण-नारळ घेऊन निघाल्या, आणि मी तडकले. "आत्या, ज्या सोताच बुडाल्यात, त्या माझं लेकरू काय तारनार?" त्या नारळ पदराखाली धरून निघून गेल्या.

आठवा महिना लागला. एका सकाळी उठले तर पोटात सगळं शांत. दुपार कलली तरी बाळ हलेना. पावसानं ओढा भरून वाहत होता, टेम्पो काही जाईना, आणि दवाखाना धरणाच्या पलीकडच्या काठाला. शेवटी सासूबाईंनी मला ठकूमावशीच्या काहिलीत बसवलं आणि स्वतःही बसल्या. ठकूमावशी मासे धरायची. तिची होडी म्हणजे बंद पडलेल्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील. अशी गोल, बुटकी, की गोष्टीतली म्हातारी भोपळा सोडून हिच्यातच बसून लेकीकडं गेली असती. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी नुसतं पोट धरून बसले.

मधोमध आल्यावर मावशीनं वल्हं वर घेतलं. माझ्या अंगाची लाही झाली. "अगं मावशे, थांबलीस कशाला? माझं लेकरू चाललं की!"

"खाली आसरांचं ठानं हाय. आमी मासेवाले हितं वल्हं मारीत न्हाई, बोलत बी न्हाई. घटकाभर गप ऱ्हा, बाय."

करते काय, चहूकडं पाणी. सासूबाईंनी चिमूटभर हळदकुंकू पाण्यावर सोडलं. काहील आपली आपणच हळूहळू फिरू लागली. सकाळपासूनची रडारड, आरडाओरडा, देवाला घातलेल्या शिव्या, सगळं थांबलं. मी डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हटलं, बायांनो, माझं काही चालत नाही, आता तुम्हीच बघा.

आणि बरगडीखाली ढुशी बसली. लगेच दुसरी! मी सासूबाईंचा हात ओढून पोटावर ठेवला. बोलायचं नव्हतं, म्हणून त्या नुसत्या रडत राहिल्या.

दवाखान्यात तपासून डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, बाळ ठीक आहे, सकाळीच निवांत पडली असतीस तर त्याचं हलणं तेव्हाच कळलं असतं. असेल. वाद घालायला मी एरवी एका पायावर तयार, पण इथं घालत नाही. मला निवांत बसवलं कुणी, एवढंच मला ठाऊक आहे.

लेक झाली. दरवर्षी आम्ही दोघी त्याच काहिलीतून ओटी घेऊन जातो. पोर माझ्यावरच गेली आहे, तोंडाला खीळ नाही. मागच्या खेपेला काठाला उतरल्यावर म्हणाली, "आई, तू गावभर भांडती, मग तितंच का गं गप बसती?"

मी तिचा हात माझ्या पोटावर ठेवला. "तितं तू आतून हाक मारलीस, बाय. माझ्या बडबडीत ती ऐकायची ऱ्हाऊन जात हुती."