नाडाछडी बांधलेली वायर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे का, तेही ठाऊक नाही — एका वायरीची तर गोष्ट. पण ती अजून मनातून जात नाही. म्हणून तुम्हाला सांगून टाकतो.

मी थोरला. घरात विजेच्या वस्तूंमधलं कळतं ते मला, असं सगळ्यांनी — म्हणजे मीच — ठरवून टाकलेलं. छाणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पाच स्पीकरांचा सेट बसवला होता, शिवाय धडधडायला जमिनीवर एक मोठा डबा. पाहुणे आले की विमान उडायचा सीन लावायचो. खिडकीच्या काचा थरथरायच्या. खूश कोण व्हायचं? मीच की.

नंदू माझा धाकटा भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरसालीला राहतो. त्यालाही सेट हवा होता, पण खिसा बेताचा. मी म्हटलं, पाच स्पीकरांचाच घे, जरा हलका बघ. त्याने ऐकून घेतलं आणि वाडी भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून दोनच जुने स्पीकर आणि एक जुना ॲम्प्लिफायर उचलून आणला. पाच भिकार घेण्यापेक्षा दोन बरे, म्हणे. मग टेप घेऊन आईच्या खुर्चीपासून दोन्हींचं अंतर मोजलं, त्यांची तोंडं खुर्चीकडे वळवली, मागच्या भिंतीवर गोधडी टांगली. मी मनसोक्त हसलो. वायर साधी, दोन्ही पदर एकाच रंगाचे. प्लसचा पदर ओळखता यावा म्हणून आईने देवघरातली नाडाछडी — पूजेत मनगटाला बांधतात तो लाल दोरा — तोडून दिली आणि स्वतःच बांधलीही. जिथे नाडाछडी तिथे प्लस.

आणि काय सांगू, त्या दोन डबड्यांतून माणूस समोर बसून बोलतोय असं वाटायचं. आई त्या खुर्चीत बसून जुनी नाटकं बघायची, नटाच्या आधी वाक्य म्हणून मोकळी व्हायची. राहायची माझ्याकडे, पण शनिवार आला की चालली तरसालीला. मग शुक्रवारीच पिशवी भरायला लागली. आणि दिवाळीत, सगळे नातेवाईक फराळाला बसलेले असताना, अगदी सहज म्हणाली, "थोरल्याकडे नुसतं गडगडतं. नंदूकडे माणसं बोलतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण जळलो — दुसरा शब्द नाही त्याला. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि धाकट्या भावाच्या सेकंडहँड स्पीकरवर जळतो? की स्पीकरवर नव्हेच?

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला आम्ही सगळे नंदूच्या गच्चीवर. आई उन्हात बसून उंधियू खात होती. मी पाणी आणायला खाली आलो. मांजा लागू नये म्हणून बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. हॉल रिकामा. मी डाव्या स्पीकरच्या मागे हात घातला, दोन्ही पदर काढले आणि उलटे लावले. एवढ्याने काय होतं? एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बाजूच्या सोफ्यावर बसलेल्याला फारसं कळत नाही. बरोबर मध्ये बसलेल्याला मात्र बोलणं पोकळ लागतं, कुठून येतंय तेच समजत नाही. मध्ये एकच खुर्ची होती, आणि हे मला पुरतं माहीत होतं.

इथवर रागाच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं. पण मग मी आईने बांधलेली नाडाछडी सोडली आणि दुसऱ्या पदराला बांधली, म्हणजे कुणी तपासलंच तर सगळं जागच्या जागी दिसावं. पट्ट्यांमुळे गाठ बसेना. दोनदा बांधावी लागली. राग एवढा वेळ टिकतो का?

आई आवाज वाढव म्हणायला लागली. वाढवला तरी तेच. महिन्याभराने नंदूचा फोन — दादा, तुला कळतं, एकदा येऊन बघ ना. गेलो. टॉर्च मारून मागे पाहिलं, खुर्चीत बसून ऐकल्याचं सोंगही केलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर मी म्हणालो, "सेट चोख आहे. आईचे कान दाखवून घे."

तपासणीत वयाप्रमाणे थोडं कमी निघालंच — कुणाचं निघत नाही? कानाचं मशीन आलं, शिट्टी वाजते म्हणून डबीत गेलं. पण आईने मनाशी धरलं की आपण बहिऱ्या झालो. नाटकं सुटली. चार माणसांत बोलायची थांबली. कुणी काही विचारलं की पुरतं ऐकायच्या आधीच हो हो. तरसालीला जाणंही सुटलं. एकदा वालपापडी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्याकडे काय नि नंदूकडे काय, आता मला सारखंच रे."

मला बरं वाटलं. त्या क्षणी खरंच बरं वाटलं, हेही सांगायलाच हवं.

अशी तीन वर्षं काढली तिने. दोन स्क्रू सैल करायचे, पदर बदलायचे — पाच मिनिटांचं काम. त्या काळात तरसालीला मी कितीदा गेलो, जेवलो, त्या हॉलमध्ये दुपारची झोपही काढली. हात नाही घातला. ती गेली ती आपण बहिऱ्या आहोत असं समजूनच.

यंदा नंदूने घर रंगवलं. स्पीकर परत जागेवर लावताना मी टॉर्च धरून उभा होतो. म्हटलं, नवी वायर टाक ना, हल्ली लाल-काळी मिळते. तो म्हणाला, राहू दे दादा, आईच्या हातची नाडाछडी आहे. विटलेल्या दोऱ्याचा पदर त्याने प्लसमध्ये घालून घट्ट पिळला, आईचं एक नाटक लावलं आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसला. बराच वेळ ऐकत राहिला. मग कानात बोट घालून हलवलं.

"माझेही कान आईवरच चालले वाटतं," तो म्हणाला.

मी टॉर्च बंद केला. म्हटलं, "वय झालं आता आपलं."