अडतीस नंबरची चासी

नाव: व्हर्लिन ओक्सनर. वय: बहात्तर. राहणार: बेल्मोर, इंडियाना. हुद्दा: मुख्य प्रमाणीकरण अधिकारी, जुन्या लंबगोल-ट्रॅक रेसिंग गाड्यांचे मध्य-पश्चिम मंडळ. अधिकारक्षेत्र: सन १९४६ ते १९६५ या काळात बांधलेली, उघड्या चाकांची, एका माणसाने बसायची कोणतीही गाडी, मग ती धावत असो, गंजत असो वा कोंबड्या तिच्यात अंडी घालत असोत. कर्तव्य: गाडी जी म्हणून सांगितली जाते तीच आहे किंवा कसे, याचा निवाडा. निवाड्यावर अपील: नाही. मानधन: नाही. ओळखीची खूण: उजव्या हाताची करंगळी अर्धी.

करंगळी वगळता हे सगळं मंडळाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. मंडळाचे अकरा नियमही व्हर्लिननेच लिहिले होते, १९८७ साली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका दुपारात. त्यातल्या सातव्या नियमाचा त्याला विशेष अभिमान होता: ज्या गाडीवर अधिकाऱ्याने स्वतः पगार घेऊन काम केलं असेल, तिचा निवाडा त्याने करू नये. हा नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता. तो माणूस अर्थातच दुसरा कोणीतरी होता.

या गाड्यांना जन्मदाखला नसतो. दर हिवाळ्यात रंग बदलायचा, नंबर बदलायचा, मालकही बदलायचा. अपघात झाला की पुढचा भाग एकीचा आणि मागचा दुसरीचा असं लग्न लागायचं. त्यामुळे गाडीचा इतिहास शोधायचा म्हणजे चाकूने रंगाचे थर खरवडायचे, पत्र्यावरची भोकं मोजायची आणि वेल्डिंगचे टाके वाचायचे. टाके वाचण्यात व्हर्लिनचा हात धरणारा कोणी नव्हता. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नळीवरून अंगठा फिरवून तो सांगायचा, हा डावखुरा माणूस आहे, हा घाईत होता, याची बायको नुकतीच सोडून गेली होती. शेवटचं तो गंमत म्हणून सांगत असे, पण लोक तेही वहीत उतरवून घेत. बावीस वर्षं हे करून त्याला आता त्याचा कंटाळा आला होता. गुडघा गेला होता, आणि ज्यांना विचारून काही कळलं असतं ती माणसं एकेक करून गेली होती. उरलेली माणसं त्यालाच विचारायला येत.

मंडळाचं प्रमाणपत्र क्रमांक एक अडतीस नंबरच्या गाडीचं होतं. ही एव्हरेट कून्ट्झची गाडी. लोवेल बीमर ती चालवायचा. १९५७च्या ऑगस्टात बेल्मोरच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणावर, लोवेल त्याच गाडीत गेला. आता त्या ट्रॅकवर सोयाबीन असतं.

अशा गाडीचं काय करायचं, याची रेसिंगच्या लोकांत एक रीत होती. चासी सरळ करायची, रंग द्यायचा, नवा नंबर घालायचा आणि दोन राज्यं ओलांडून विकायची. घेणाऱ्याने विचारायचं नाही, देणाऱ्याने सांगायचं नाही, आणि विधवेने तर गाडीचं नावच काढायचं नाही. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती सगळे पाळत.

लोवेलच्या बायकोने, आयोन बीमरने, तीस वर्षं ती पाळली. मग १९८८मध्ये कॅन्ससमधून एक गाडी आली. तिच्या बॉनेटवर रंगाच्या चार थरांखाली ३८ होता, आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला हवेच्या बावीस खाचा नि उजवीकडे एकवीस. कून्ट्झच्या कारागिराला बाविसाव्या खाचेच्या वेळी जेवायला हाक आली होती, ही गोष्ट त्या काळचा प्रत्येक माणूस सांगे. असं बॉनेट जगात एकच. आयोनने व्हर्लिनला एवढंच विचारलं, "तीच आहे का रे?" आणि व्हर्लिन म्हणाला, "तीच आहे."

दोन गोष्टी तो बोलला नाही. पहिली ही, की लोवेल गेल्यावर अडतीस नंबरची मोडलेली चासी कून्ट्झच्या गॅरेजात ज्या शिकाऊ पोराने जोडली, ते पोर तो स्वतःच होता. दुसरी ही, की कॅन्ससच्या चासीवर त्याचा टाका नव्हता. मागची उजवी नळी पुढे कोणीतरी बदलली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. शिवाय टाकाच नाही म्हणजे या गाडीवर आपण काम केलेलं नाही. तेव्हा सातवा नियमही मोडत नाही. हा युक्तिवाद खरा ठरायला ती गाडी अडतीस नंबरची नसणं भाग होतं. हे त्याच्या लक्षात यायला एकवीस वर्षं लागली.

त्या एकवीस वर्षांत आयोन दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मेळाव्याला, घडीची खुर्ची घेऊन त्या गाडीशेजारी बसत आली. निघताना बॉनेटवर हात ठेवून म्हणायची, "येते हं."

मेळाव्याला तीन आठवडे असताना मंडळाच्या सचिवाचा, मर्ल योकमचा, फोन आला. आयोवात एका शेतकऱ्याने डुकरांच्या खाद्याची गाडी म्हणून एक जुनी चासी वापरली होती, ती तो भंगारात देणार होता.

"बघून तर येऊ," मर्ल म्हणाला. "नाहीतरी तुला घरी काय काम आहे?"

"बसायचं काम आहे."

"गाडीत बस की. सात तास बसायला मिळेल."

डुकरांच्या शेडमध्ये व्हर्लिन गुडघ्यावर बसला, रॉकेलच्या बोळ्याने नळी पुसली आणि सवयीने अंगठा फिरवला. पुढचे टाके कून्ट्झच्या म्हाताऱ्या वेल्डरचे होते, एकसारखे, झोपेत घातल्यासारखे. मग अंगठा मागे उजवीकडे आला आणि थांबला. तिथला टाका जाडजूड होता, मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेला.

"हा कोणाचा?" मर्लने वही काढली.

"कोणा शिकाऊ पोराचा."

"नाव?"

व्हर्लिनला उठायला हात द्यावा लागला. ट्रकमध्ये बसल्यावर, मक्याची पंधरा-वीस मैल शेतं गेल्यावर, त्याने नाव सांगितलं.

मर्लने ट्रक बाजूला घेतला. "मग आपल्या हॉलमध्ये उभी आहे ती कोण?"

"क्लेटन डिट्झची चौदा नंबर. त्या जुलैत डिट्झचं बॉनेट चेपलं होतं, कून्ट्झने आपलं उसनं दिलं आणि अडतीसवर दुसरं साधं चढवलं. दोन आठवड्यांत लोवेल गेला. मग बॉनेट मागायला कोण जाणार? माझ्याकडे लोवेलच्या शेवटच्या दिवसाचा फोटो आहे. त्यात उजवीकडेही बावीस खाचा दिसतात. मी समजत होतो, फोटो हललाय."

"एकवीस वर्षं फोटो हललेला होता?"

"मर्ल, ट्रक चालव."

मर्लने चालवला, पण तोंड बंद ठेवलं नाही. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई अठ्ठ्याहत्तरची आहे. अजून दोन मेळावे येईल, फार तर तीन. तिला गाडी आहे, आपल्याला प्रमाणपत्र आहे, डुकरांची काही तक्रार नाही. कोणाचं अडलंय?"

"माझं अडलंय."

"तुझं काय जातंय? तू तर दमलेला आहेस, रोज सांगतोस."

"दमलोय म्हणूनच," व्हर्लिन म्हणाला. "आणखी एक रविवार तिथे उभं राहून तिचं ते 'येते हं' ऐकणं माझ्याने होणार नाही."

चासी ट्रेलरवर घालून त्यांनी आणली. दुसऱ्या दिवशी व्हर्लिन आयोनकडे गेला. ती मागच्या दाराने बाहेर कपडे वाळत घालत होती.

"मिसेस बीमर, एक सांगायचं होतं."

"बावन्न वर्षं झाली, तुझ्या तोंडून आयोन काही निघत नाही. आत ये. कॉफी आहे, पुडिंग कालचं आहे."

त्याने बॉनेटपासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. ती चमचा हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे मी एकवीस वर्षं कोणाशेजारी बसत होते?"

"डिट्झच्या चौदा नंबरशेजारी. बॉनेट तेवढं तुमचं."

"डिट्झ!" तिने चमचा ठेवला. "अरे, लोवेल त्या माणसाकडून काडेपेटीसुद्धा घेत नव्हता. आणि मी दरवर्षी जाऊन त्याच्या गाडीला 'येते हं' म्हणते?"

"डिट्झही आता वारलेत."

"ठाऊक आहे मला. तेव्हा त्याच्या बायकोकडे मी भांडंभर नूडल्स पाठवल्या होत्या. ते भांडंही आलं नाही. आमची वस्तू त्या घरात गेली की गेलीच." तिने चमचा पुन्हा उचलला. "आणि ही डुकरांतली खरी, हे कशावरून?"

व्हर्लिनने पुडिंगची बशी थोडी पुढे सरकवली. मग परत मागे घेतली.

"ती मी जोडली होती. कून्ट्झने सांगितलं, आठवड्याच्या आत गिऱ्हाईक येणार आहे."

"कधी जोडलीस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी दफन होतं."

"हो. म्हणून मी नव्हतो."

"मी बघितलं होतं," आयोन म्हणाली. "सगळं गॅरेज आलं होतं. तू तेवढा नव्हतास. मला वाटलं, पोर घाबरलं असेल."

"घाबरलो होतोच. पण वेल्डिंगही करत होतो."

आयोनने त्याची बशी उचलली, त्याने खाल्लेलं नसताना, आणि धुवायला ठेवली. पाणी सोडलं. पाठमोरी असतानाच म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी साली विचारलं, तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्हाला ती हवी होती."

"हवी होती. म्हणून तर तुला विचारलं. मला काय हवं ते मला माहीतच होतं." तिने नळ बंद केला. "मेळाव्यापर्यंत थांबायचं नाही. तिथे लोक हातात बटाट्याचं सॅलड घेऊन माझ्याशी हळू आवाजात बोलतात. उद्या सकाळी येते मी तुझ्याकडे."

ती खरंच आली, स्वतः गाडी चालवत, अर्धा रस्ता अडवत. चासी व्हर्लिनच्या अंगणात सिमेंटवर होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, सीट नाही; नळ्यांचा एक लांबट सांगाडा आणि कोपऱ्याकोपऱ्यांत सुकलेलं खाद्य. आयोन त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"एवढीशीच होती?"

"वर पत्रा असला की मोठी दिसते."

"दाखव."

व्हर्लिनने वाकून बोटाने दाखवलं. तिने टाक्यावर हात ठेवला आणि जिथे तो तुटून पुन्हा सुरू झाला होता तिथे बोट थांबवलं.

"इथे काय झालं होतं?"

"चर्चची घंटा झाली."

आयोनने मान हलवली. मग म्हणाली, "वाईट काम आहे."

"वीस वर्षांचा होतो."

"तो एकोणतीसचा होता."

व्हर्लिनने टाक्याजवळचं सुकलेलं खाद्य अंगठ्याने खरवडलं.

"पक्कं तरी आहे ना?" तिने विचारलं.

"बावन्न वर्षं टिकलंय. डुकरांनी धडका दिल्यात."

तिने आपल्या गाडीतून घडीची खुर्ची मागवली. व्हर्लिनने आणून मांडली. ती बसली. तो गुडघा धरून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "बस की रे. पहारा काय देतोस?" मग त्याने एक बादली उपडी घातली आणि तोही बसला. शेजारची बाई कुत्र्याला फिरवत गेली, तिने हात केला. दोघांनी हात केला. ऊन सिमेंटवर अर्ध्यापर्यंत आलं. एकदा आयोनने नळीच्या सांध्यातून मक्याचा एक वाळका दाणा नखाने काढला आणि गवतात टाकला.

उठताना तिने चासीला हात लावला नाही, 'येते हं' म्हणाली नाही. खुर्ची घडी करून त्याच्या हातात दिली.

"रविवारी मी येणार नाही. डिट्झच्या मुलीला कळव, तिच्या बापाची गाडी हॉलमध्ये आहे. वाटलं तर तिने बसावं." मग गाडीत बसून, काच खाली करून म्हणाली, "आणि ही नीट ठेव."

मेळाव्याआधी मंडळाची तातडीची बैठक झाली. उपस्थिती: पाच. मुख्य प्रमाणीकरण अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अर्जावरून प्रमाणपत्र क्रमांक एक रद्द करण्यात आलं. आयोवाहून आलेल्या चासीसंबंधी असं ठरलं की, तिची ओळख केवळ अधिकाऱ्याच्या स्वतःच्या वेल्डिंगवरून पटत असल्याने नियम सातनुसार तो तिचा निवाडा करू शकत नाही. आणि असा निवाडा करण्यास पात्र दुसरा अधिकारी मंडळाकडे नाही. नियम बदलण्याचा ठराव मर्ल योकमने मांडला. अनुमोदन मिळालं नाही. ते देण्याची पाळी व्हर्लिनची होती. त्याने राजीनामा दिला, तोही स्वीकारण्यात आला नाही, कारण स्वीकारण्याचा अधिकार नियम दहानुसार त्यालाच होता.

सबब, सन १९५७ची कून्ट्झ अडतीस ही गाडी मंडळाच्या नोंदीप्रमाणे आज अस्तित्वात नाही.

ती व्हर्लिनच्या गॅरेजात, गवत कापायच्या यंत्राच्या पुढे उभी आहे. यंत्र काढायचं झालं की आधी तिला सरकवावं लागतं.