दाखल्यावरचं कारण

कोकमासाठी रातांब्याची सालं वाळत घातल्याचा आंबूस वास आला, की महाडच्या हायस्कुलातला, साठ सालाच्या आसपासचा एक निकालाचा दिवस आठवतो. मी तिथं इंग्रजी शिकवत होतो. आठवीत बहुतेक मुलं बाजारपेठेतली, घरी शिकवणी असलेली. डोंगरावरची थोडी, आणि त्यांत मुलगी एकच. ती कुडपणची, महाडात मावशीकडे राहून शिकणारी. गणितात वर्गात पहिली आली आणि इंग्रजीत नापास झाली. इंग्रजी अक्षरं तिनं त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिली होती. दुपारी तिचे वडील उन्हातून आले. “गुरुजी, गणितात पयली आली ती नापास कशी?” एका विषयात नापास म्हणजे वर्षच नापास, हा नियम मी सांगितला. आणखी एक वर्ष ठेवा, मी स्वतः शिकवीन, असंही म्हटलं. ते म्हणाले, “तिची मावशी आता ठेवून घ्यायला तयार नाय. दाखला द्या.” हेडमास्तरांनी दाखला मलाच लिहायला दिला. शाळा सोडण्याच्या कारणापाशी माझा हात थांबला. शेवटी ‘पालकांची इच्छा’ असं लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं ते वाचलं आणि हळूच म्हणाली, “सर, माझी नव्हती.” मी दाखला तिच्या वडिलांच्या हातात दिला.