जुनेराचं कपाट

यामिनी प्रधान सातवीत माझ्या वर्गात होती तेव्हा तिचा हात नेहमी सगळ्यांत शेवटी वर व्हायचा. उत्तर येत नसे म्हणून नव्हे. दोनदा पडताळून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, ठाणे जिल्ह्यातल्या कामतघरच्या एका लहानशा सरकारी प्रसूतिगृहात सिस्टर आहे आणि पडताळायची सवय तशीच आहे. फक्त आता ती बाळांचे पाय पडताळते.

वॉर्डात शिरली की हात धुवायचे, पुसायचे, आणि हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायांना. दोन्ही गरम असले तर बाळ मजेत. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असले तर धावाधाव. हे ती प्रत्येक आजीकडून करून घेते. "थर्मामीटर वॉर्डात एकच आहे," ती म्हणते, "हात प्रत्येकीला दोन आहेत."

या प्रसूतिगृहात बाळांना ऊब देणारी यंत्रं दोन. त्यातलं एक गेल्या गणपतीपासून सुट्या भागाची वाट पाहत कोपऱ्यात उभं आहे, आणि त्याच्यावर कोणीतरी रजिस्टरं रचून ठेवली आहेत. त्यामुळे कमी वजनाच्या बाळांसाठी यामिनीचा भरवसा आईच्या छातीवर. बाळाला लंगोट आणि टोपडं एवढंच घालायचं, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि दोघांना कापडाने नीट बांधायचं. बाळाचं नाक-तोंड मोकळं हवं. असं दिवसाचे जितके तास जमेल तितके.

बांधायला कापड हवं, तर समोरच्या गल्लीतल्या एका यंत्रमागवाल्या लूमवाल्याने चांगल्या सुती कापडाचा तागा दिला. यामिनीने त्याचे आठ पट्टे शिवून घेतले, दोनदा धुतले, इस्त्री केले. बायका ते घ्यायच्या, "हो सिस्टर" म्हणायच्या आणि संध्याकाळी जशीच्या तशी घडी परत करायच्या. बाळ बाजूला कपड्यात गुंडाळलेलं.

यामिनीला वाटलं, बायका लाजतात. तिने खाटांभोवती पडदे लावून घेतले. पट्ट्यांच्या घड्या तरीही मोडल्या नाहीत. मग वाटलं, पट्टे आखूड पडतात. ते वीतभर वाढवून घेतले. काही फरक नाही. महिनाभर हे कोडं चाललं होतं, आणि त्यातच पूर्वी नावाची एक गरोदर बाई दाखल झाली.

पूर्वी पूर्ण्याजवळच्या गावची सून. सासऱ्यांच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत, दारात गाडी आहे. पण कामतघरला मावशीकडे आली असताना तिचं बीपी एकदम चढलं आणि सगळ्यांत जवळ हेच प्रसूतिगृह होतं. दिवस भरायला पाच आठवडे असतानाच तिला मुलगी झाली. वजन अठराशे ग्रॅम. रडली छान, दूध चमच्याने घेऊ लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाचं तापमान छत्तीसच भरलं.

डॉक्टर आसावरींनी स्पष्ट सांगितलं, "चालू यंत्रावर जे बाळ आहे ते हिच्यापेक्षा नाजूक आहे, त्याला उठवता येणार नाही. दोन वाजेपर्यंत हिचं अंग साडेछत्तीस झालं नाही, तर चारच्या गाडीने ठाण्याला पाठवायचं. आणि पूर्वीचं बीपी बघता तिला सोबत नेता येणार नाही."

म्हणजे लेक ठाण्याला, आई इथे, आणि आईचं दूध दोघींच्या मधल्या रस्त्यावर. पूर्वीने पाळण्याकडे तोंड वळवलं.

यामिनीने तिच्या छातीवर मुलीला ठेवलं, नवा पट्टा बांधला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. वीस मिनिटांनी येऊन बघते तो पट्टा उशीवर घडी घालून ठेवलेला, आणि मुलगी शेजारी एका जुन्या फडक्यात गुंडाळलेली. खाटेच्या पायथ्याशी पूर्वीची सासू सीताबाई, मांडीवर हात ठेवून, कोणी विचारलंच तर भांडायच्या तयारीत.

यामिनीने हात लावून पाहिला. पाय गार.

"आजी, सोडलंत का हो?"

"मंग काय करू? पाचवी झाली न्हाय नि पोरीला कोरं कापड? तुझ्या आयेने तुला घातलं होतं काय गो कोरं?"

यामिनी तिथेच थांबली. तिच्या आईने पहिलं झबलं वडिलांच्या जुन्या धोतराचं शिवलं होतं. ते अजून कपाटात आहे. बाळाच्या अंगाला आधी जुनेर लागतं, वापरून मऊ झालेलं, घरच्या माणसाचं, नवं नंतर. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तरीही महिनाभर ती पडदे लावत होती, पट्टे वाढवत होती.

"मी दोनदा धुतलंय ते," ती उगाच म्हणाली.

"धुतलं तरी कोरंच! ते कोणी नेसलं हाय का?"

"नाही."

"मंग!"

"तुमच्याकडे नेसलेलं आहे?"

सीताबाईंनी पिशवीतून एक लुगडं काढलं. हिरवं, धुऊन धुऊन उडालेल्या रंगाचं, हाताला दुधाच्या सायीसारखं. "माझ्या तिन्ही पोरांना यातच घेतलंय. वीस वर्सं नेसले. आता बोल."

यामिनीने लुगडं सीताबाईंच्याच हातात राहू दिलं आणि कसं बांधायचं ते सांगितलं. सीताबाईंनी असं घट्ट आणि नेटकं बांधलं की यामिनीला एक चुणीसुद्धा सारखी करावी लागली नाही. अकरा वाजता छत्तीस पॉइंट दोन. साडेअकराला पॉइंट तीन. पूर्वी पहिल्यांदा हसली.

पावणेबाराला पूर्वीचं डोकं दुखायला लागलं. बीपी पुन्हा वर. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं आणि तिला आडवं, शांत ठेवायला सांगितलं. बाळ उतरवावं लागलं.

"आजी, आता तुम्ही घ्या," यामिनी म्हणाली.

सीताबाईंनी आपले दोन्ही हात पुढे केले. "बघ हात लावून. बर्फ हाय बर्फ. पयल्यापासून अशीच मी. पोरगी थिजून जाईल." मग त्यांनी दाराबाहेर पाहिलं, नाक मुरडलं, आणि नाइलाजाने म्हणाल्या, "त्यांना घे बोलवून. पौष महिन्यात उघडे झोपतात. अंगात वज्रेश्वरीचं ऊन पाण्याचं कुंड हाय त्यांच्या."

ते म्हणजे तुळशीराम, सीताबाईंचे यजमान. वय बासष्ट, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बाहेरच्या बाकावर सकाळपासून कोणाशी तरी फोनवर मोठमोठ्याने बोलत होते.

"मी?" ते उभे राहिले. "सिस्टर, मी बाप्या मानूस हाय!"

"बाळाला ते कळत नाही. खोकला, ताप काही?"

"न्हाय."

"विडी?"

"गेली पाच वर्सं न्हाय."

"खोटं!" आतून सीताबाई. "दिवाळीला ओढली होती!"

"आज सकाळपासून न्हाय," तुळशीराम हळू आवाजात म्हणाले.

वॉर्डात पुरुषांना परवानगी नव्हती, म्हणून सिस्टरांच्या चहाच्या खोलीत व्यवस्था झाली. तुळशीरामांना साबणाने अंघोळ करायला लावली, साखळी काढून सीताबाईंच्या कनवटीला गेली आणि उघड्या अंगाने त्यांना खुर्चीवर टेकवून बसवलं. मुलगी छातीवर ठेवली तेव्हा त्यांनी श्वासच रोखून धरला.

"श्वास घ्या बाबा," यामिनी म्हणाली. "तुमच्या श्वासाने तिलाही घ्यायची आठवण राहते."

सीताबाईंनी लुगडं गुंडाळलं, गाठ मारली आणि एक पाऊल मागे सरकून पाहिलं. "चाळीस वर्सं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "आज शोभताय लुगड्यात."

तुळशीरामांना हलायची भीती वाटत होती. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. पुन्हा वाजला. "सांग त्याला," ते कुजबुजले, "मी ड्युटीवर हाय."

साडेबाराला छत्तीस पॉइंट तीनच. तुळशीरामांचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा झाला. यामिनीने टोपडं बदललं, पंखा बंद केला, काखेत पुन्हा पाहायची घाई केली नाही. एक वाजता पॉइंट चार. सीताबाई दर पाच मिनिटांनी आपले गार हात पदरात चोळून ऊन करायच्या आणि पालथ्या हाताने नातीचे पाय बघायच्या. एव्हाना त्यांना ते छान जमायला लागलं होतं. पूर्वी आत पडल्या पडल्या विचारत होती, "किती झालं? आता किती?"

दोनला दहा मिनिटं असताना सीताबाईंनी हात लावला आणि तो तिथेच ठेवला. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "पाय बघ."

थर्मामीटरने छत्तीस पॉइंट सहा दाखवलं. यामिनीने सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा लावला. तेवढंच. डॉक्टर आसावरींनी स्वतः येऊन पाहिलं, चहाच्या खोलीतला तो हिरव्या लुगड्यातला माणूस पाहिला, हसू आवरलं आणि चारच्या गाडीचा कागद फाडून टाकला.

पूर्वीचं बीपी चारच्या सुमाराला उतरलं. यामिनी मुलीला न्यायला आली, तर तुळशीराम गाठीवर हात ठेवून बसले.

"झोपलीय," ते म्हणाले. "माझी शिफ्ट अजून संपली न्हाय."

मुलगी बाराव्या दिवशी घरी गेली, अठराशे साठ ग्रॅमची. लुगडं मात्र सीताबाईंनी वॉर्डातच ठेवलं. यामिनीने त्याचे चार भाग केले, उकळून वाळवले. नंतर माझ्या घरचीही दोन जुनी पातळं गेली. गल्लीतल्या बायका देत राहिल्या, आणि आज एक लोखंडी कपाट अशा जुनेरांनी भरलं आहे. लूमवाल्याचे आठ पट्टेही त्यातच आहेत. ते यामिनीने आधी आपल्या सहकारी सिस्टरांना महिनाभर खांद्यावर ओढणीसारखे वापरायला लावले. आता ते कोरे नाहीत, आणि कोणी परत करत नाही.

तुळशीराम वज्रेश्वरीला जाताना अधूनमधून वाट वाकडी करून येतात. दारातूनच विचारतात, "सिस्टर, कोनाचे पाय गार हायत काय?"