बेटेगाव द्यायचं नाय

आमच्यात कोडं सुटलं नाय तर गाव द्यावं लागतं. तोंडानंच द्यायचं, पण द्यायचं. मी कोडं घातलं, तुला नाय सुटलं, तर तू बोलायचं, "घे, वाणगाव दिलं." मंग मी बोलणार, "वाणगाव माझं, वाणगावची मिरची माझी, स्टेशनचा बाकडा माझा, तिथली सावली माझी. तू आता उनात उभी रा." सगळ्या हसणार. हसून झालं की मंग मी उत्तर सांगणार.

याला दोन नियम. ज्या गावात आपण पाणी प्यायलो तेच गाव देता येतं, उगाच कुठचं लांबचं नाव घ्यायचं नाय. आणि आपलं राहतं गाव कधी द्यायचं नाय. ते दिलं की माणूस खेळातून उठला. मंग त्याला कोण कोडं घालत नाय, त्याचं कोण ऐकत नाय. एका बाईनं रागात दिलं होतं एकदा. त्या सीझनला ती परत आमच्या ओळीला आली नाय.

हा खेळ आमी मिरचीत खेळायचो. मी बेटेगावची. सकाळी टेम्पोत बसून आमी दहा-बारा बायका वाणगावच्या बाजूला मिरची तोडायला जायचो. मिरची तोडताना हाताला काम असतं, तोंडाला नाय. झाडं कमरेला लागतात, वाकून तोडायचं, पलीकडच्या ओळीतली बाई दिसत नाय, नुसती ऐकायला येते. मंग तिकडून कोणतरी घालणार.

घालायची रीत अशी. आधी वस्तूबद्दल आडून बोलायचं, मंग तिच्या नावाची अक्षरं विस्कटून द्यायची. "वाकलाय पण म्हातारा नाय, खातो पण पोट नाय. ताकोय." की दुसरी ओरडणार, "कोयता गं बाय, कोयता!" अक्षरं ठेवायची बोटांच्या पेरांवर. एका पेरावर एक अक्षर, आणि अंगठा इकडून तिकडं उड्या मारणार. मी तिसरी शिकले. चौथीच्या वर्गात चार दिवस बसले आणि मंग लहान भावंडांना बघायला घरी राहिले. मला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर धरून वाचते. पण पेरांवर ठेवलेली अक्षरं मला दिसायची. पालघरचं मी घरपाल केलं, बोईसरचं रसईबो केलं. मुकादम बोलायचा, "या कोणत्या भाषेत शिव्या देतात मला?"

माझे मालक बोईसरला कंपनीत होते. केमिकलचे ड्रम उतरवायचं काम. ते कधी खेळले नायत. बायकांची बडबड बोलायचे. पण मी घरात चुलीपाशी बसून कोडी जुळवायची ती ऐकायचे, आणि मला त्रास द्यायला मधेच उत्तर देऊन टाकायचे. नियम त्यांना सगळे ठाऊक होते.

एक दिवस त्यांच्यासोबत काम करणारा एक बिहारी माणूस मोटरसायकल घेऊन थेट मिरचीत आला. बोलला, "भाभी, चलो."

"क्या हुवा?"

"आप चलो बस."

ड्रमचं झाकण उडालं होतं. तोंडावर आलं सगळं. मुंबईच्या दवाखान्यात महिना काढला. मालक वाचले. डोळे दोन्ही गेले. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की आता उजेड परत येणार नाय. मी विचारलं, थोडा पण नाय? तो बोलला, थोडा पण नाय. मंग मी आत गेले आणि त्यांना सांगितलं, कारण दुसरं कोण सांगणार होतं? मुलगी लग्न होऊन तिच्या घरी होती. तिची वरसाची पोर होती. ती आठ दिवस येऊन राहिली आणि गेली.

घरी आणलं तेव्हापासून मालक बोलायचे बंद झाले. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायचे, नाय तर तसंच. हात धरून बाहेर न्यायला गेले तर अंग दगडासारखं करायचे. मी काय बोलले तरी हूं नाय, चूं नाय. असं दीड महिना.

मंग एका दुपारी ते बोलले. मला वाटलं देव पावला. ते बोलले, "विहीर किती पावलांवर हाय?"

आमच्या घरामागं चिकूची वाडी हाय, दुसऱ्याची. तिच्यात विहीर. कठडा गुडघ्याएवढा. मी विचारलं, "कशाला?" ते परत भिंतीकडं वळले.

मी घरात बसून त्यांना राखू शकत नव्हते. मी बसले तर चूल कशी पेटणार? शेजारच्या काकीला सांगितलं, येता-जाता बघ. काकी बोलली, "बघते गं, पण मला पण माझी कामं हायत. मी काय त्याच्या पायाला बांधून घेऊ?" खरं होतं तिचं. मी कामाला जायची आणि माझं ध्यान सगळं त्या विहिरीकडं. मिरचीचं देठ कुठं आणि माझी बोटं कुठं.

मंग मी एक करायला लागले. सकाळी निघताना दारातून त्यांना कोडं घालायची. "हे सोडवून ठेवा, मी आले की विचारीन." संध्याकाळी येऊन विचारायची. काय नाय. दुसऱ्या दिवशी दुसरं. काय नाय. मला एवढंच पायजे होतं की माझ्या मागं त्यांच्या डोक्यात विहीर सोडून काहीतरी पडून राहावं. आठ-दहा दिवस मी भिंतीशीच खेळले.

मंग एका संध्याकाळी ते भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलले, "वाणगाव घे आणि गप बस."

मी काकीला जाऊन सांगितलं. काकी बोलली, "नवरा गप बस बोलला म्हणून खूष झालेली पयलीच बाय बघितली मी."

पण मी खूष होते. दुसऱ्या दिवशी परत घातलं. संध्याकाळी बोलले, "मनोर घे." मंग चिंचणी दिली. तारापूर दिलं, उमरोळी दिली, केळवे दिलं. विचार करायचे नायत, नुसतं देऊन टाकायचे, अंगावरची माशी हाकलावी तसं. मी पण नियमानं घ्यायची. "चिंचणी माझी, चिंचणीचा समुद्र माझा, तुमी आता पाय पण ओले करायचे नाय." ते ऐकत होते की नाय ते कळायचं नाय.

एक दिवस बोलले, "मासवण घे."

मासवण माझं माहेर. तिथं ते नवरदेव होऊन आले होते. माझ्या आईनं दिलेलं पाणी प्यायले होते. ते पण देऊन टाकलं. त्या दिवशी मी मासवणची नदी माझी, असं काय बोलले नाय. गप उत्तर सांगितलं आणि भाकऱ्या टाकायला बसले. मला तेव्हा कळलं की हा माणूस खेळत नाय. हा एकेक ठिकाण सोडत चाललाय.

तिथंच मी थांबायला पायजे होतं. पण थांबले तर परत ती दुपार, परत तो विहिरीचा सवाल. म्हणून चालू ठेवलं. आणि गावं संपत आली. मालक काय फिरलेला माणूस नव्हता. घर, कंपनी, चार नातेवाईक. दोन-अडीच आठवड्यांत सगळी गावं माझ्याकडं आली. एका सकाळी मी चुलीपाशी बसले होते, लाकडं ओली, फुंकून फुंकून छातीत दुखायला लागलं, टेम्पोचा हॉर्न वाजला. निघता निघता सवयीनं माझ्या तोंडातून गेलं,

"दोन तोंडं, जीब नाय. एकात वारा घाल, दुसरीकडं उजेड. कणीफुं."

टेम्पोत बसले आणि मंग ध्यानात आलं. आज त्यांच्याकडं द्यायला बेटेगाव सोडून काय नाय.

अर्धा दिवस मी मिरची तोडली. पलीकडच्या ओळीतली बाई बोलली, "आज तुझं तोंड का बंद हाय?" मी तिला सांगितलं. ती उभी राहिली, ओळीवरून माझ्याकडं बघितलं. बोलली, "अगं, तो माणूस अर्धा त्या विहिरीत हाय. आणि तू त्याच्याकडं राहतं गाव मागून आलीस?"

मी टोपली तिथंच ठेवली. मुकादम ओरडला, "ओ बाय, अर्धी ओळ टाकून कुठं?" वाणगाव स्टेशनपर्यंत चालत आले, पळत आले बोला, आणि तिथून मिळेल ते पकडून घरी.

दार उघडं. खाट रिकामी. काकीच्या दाराला कडी. ती बोईसरला गेली होती बाजाराला.

मी चिकूच्या वाडीत शिरले. पायात चप्पल नव्हती ते मला नंतर कळलं. कठड्याला हात लावून खाली बघितलं. पाणी शांत होतं. वर पानं पडलेली, ती पण हलत नव्हती. मला वाटलं, शांत हाय म्हणजे खूप वेळ झाला. मी हाक मारली. विहिरीत माझाच आवाज फिरला. मी कठड्यावर बसले. ओरडले नाय, रडले नाय. मुलीला निरोप कोणाकडून पाठवायचा एवढंच डोक्यात येत होतं.

तेवढ्यात घरातून डबा पडल्याचा आवाज आला. पत्र्याचा मोठा डबा.

मी गेले. रांधायच्या खोलीत सगळं खाली होतं. पिठाचा डबा आडवा, पीठ पसरलेलं. चाळण, लाटणं, झारा, पळी, गाळणी, सगळं जमिनीवर, एका रांगेत ठेवल्यासारखं. मालक चुलीपुढं मांडी घालून बसले होते. हातात फुंकणी. तोंडाला लावून थंड चुलीत फुंकत होते, आणि राख उडून त्यांच्या तोंडावर, केसांत, भुवयांवर सगळीकडं बसली होती.

माझा पाय वाजला तसे थांबले. बोलले, "एकीकडून वारा घातला. उजेड कुठाय?"

मी बोलले, "चूल विझलीय."

"मंग बरोबर. फुंकणी."

मी दाराला धरून उभी होते. ते सांगायला लागले. दोन महिने धड न बोललेला माणूस एका दमात सांगायला लागला. "आधी वाटलं बॅटरी. बॅटरीत वारा कुठून घालशील? मंग वाटलं कंदील. अक्षरं बसेनात. मंग बोललो, ही बाय सकाळी चुलीपाशी होती, हिचं ध्यान चुलीत. उठलो. एकेक वस्तू हातात घेतली. लाटण्याला तोंड नाय. पळीला एकच. पिठाच्या डब्यात मुठी घातल्या, तो पडला. शेवटी ही मिळाली, लाकडांच्या मागं. पेरांवर ठेवून बघितली. बसली." मंग बोलले, "बेटेगाव देत नाय मी."

मी बोलले, "पीठ सांडलंत."

"गोळा कर मंग."

मी गोळा केलं. वरचं वरचं चाळून घेतलं, खालचं कोंबड्यांना टाकलं. पदर ओला करून त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी पुसून दिलं. डोळ्यांच्या जागी राख गेली होती ती मी हळूच काढली. विहिरीवर जाऊन आले ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाय, नंतर पण कधी सांगितलं नाय. पण माझ्या पायाला चिकूच्या वाडीतला चिखल होता आणि पाय धुतानाचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर खाटेवरून हाक आली. "ऐक गं. ज्याला सुटलं त्याची घालायची पाळी." आणि त्यांनी मला कोडं घातलं. खिळ्याचं होतं, साधंच, मला मिरचीच्या अर्ध्या ओळीत सुटलं. संध्याकाळी उत्तर सांगितलं तर रागावले. बोलले, उद्या बघ.

मंग ते तसंच चाललं. ते मला घालायचे, मी त्यांना घालायची. बेटेगाव द्यावं लागेल म्हणून ते सुटल्याशिवाय सोडायचे नायत. हळूहळू ते दारात येऊन बसायला लागले, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून घालायचे. काकी बोलायची, "तुझ्या नवऱ्यामुळं मला वाट बदलून जावं लागतंय." लग्नाच्या मांडवात बायका त्यांना आपल्या बाजूला बसवायच्या. सगळं छान झालं असं मी बोलणार नाय. बरेचदा परत भिंतीकडं वळायचे, चार-चार दिवस. तेव्हा मी काय घालायची नाय. ते वळेपर्यंत वाट बघायची.

मला त्यांचं कोडं सुटलं नाय की एक गाव परत द्यावं लागायचं, अशी त्यांनी माझ्याकडून गावं परत घ्यायला सुरवात केली. पयलं मासवण घेतलं. त्याला सात महिने लागले. मंग तारापूर, मंग मनोर. अकरा वरसं आमी खेळलो. ते गेले तेव्हा उमरोळी आणि केळवे माझ्याकडंच राहिलं होतं. शेवटच्या आजारात मुलगी मला बोलली, "आई, आता तरी हर की. देऊन टाक त्यांना." मी दिलं नाय. त्यांनी घातलेलं कोडं मला सुटलं तर मी सुटलं असंच सांगायची. मी एकदा पण मुद्दाम हरले नाय, आणि ते त्यांना ठाऊक होतं.