मागचा पाय

स्नोबोर्डवर कार्विंग, म्हणजे फळीच्या कडेने बर्फ कापत वळणं घेणं, कसं करायचं हे मला माझ्या मुलीने शिकवलं, तेही जर्मनमध्ये. मी विचारायची मराठीत, ती उत्तर द्यायची जर्मनमध्ये. घरीही आमचं असंच चालतं. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडात येत नाही. याचं मला वाईट वाटायचं. उतारावर मात्र ते सोयीचं होतं, कारण जर्मनमध्ये ती कुणाचीच भीड ठेवत नाही. मी धडपडत खाली पोचले की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आई, हिंटरेस बाइन." म्हणजे मागचा पाय.

सगळा घोळ त्या मागच्या पायाचाच होता. वळायचं तर बोर्ड कडेवर कलतं करायचं, गुडघे वाकवायचे, नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची आणि वाट बघायची. मग बोर्ड आपण होऊन वळतं आणि बर्फावर एक बारीक रेघ सोडतं. यातली वाट बघायची गोष्ट मला जमत नव्हती. उताराचा वेग जाणवला की माझा मागचा पाय घाबरून बोर्डची शेपटी बाहेर ढकलायचा, बोर्ड आडवं घसरायचं आणि रेघेच्या जागी रुंद फराटा उमटायचा. करंजीचं कातणं नुसतं फिरू दिलं तर पारी स्वच्छ कापली जाते. घाईने बाजूला रेटलं तर ती गोळा होते. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाली. पण कळतं पण वळत नाही ही म्हण माझ्याइतकी शब्दशः कुणी जगलं नसेल.

हे सगळं सुरू झालं माझं काम गेलं त्या हिवाळ्यात. स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर इंजिनीअर होते. ऑर्डरी आटल्या आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. त्या दिवसांत दुपार झाली तरी मी गाउनमध्येच असे. नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि मी अर्ज पाठवून पाठवून कंटाळलेली. पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की मात्र केस बांधून, टिकली लावून बसायची आणि म्हणायची, "अहो आई, सगळं छान चाललंय."

त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. इतक्या लांब बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर लावायचा? माझ्या माहेरी तर ही रीतच होती. आमटी खारट झाली तरी वडील दुसऱ्यांदा मागून घेत, आणि शेवटी आई जेवायला बसली की तिला कळे. समोरच्याचं मन मोडायचं नाही, बस. मुलगी तेव्हा शेजारीच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असे. ती काही ऐकत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

अशाच एका शनिवारी तिने मला अंधारातच उठवलं. ती लहानपणापासून आमच्या भागातल्या स्की क्लबमध्ये जायची आणि बोर्डवर चांगली तयार होती. मला म्हणाली, गाडी तू चालव, बाकीचं मी बघते. आल्गॉयच्या डोंगरात पोचल्यावर तिने मला भाड्याचे बूट चढवले, पट्टे आवळले, आणि दिवसभर मी पडत राहिले. बसायचं हाड महिनाभर दुखत होतं. पण त्या संध्याकाळी मी किती तरी आठवड्यांनी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. पुढच्या शनिवारी तिने विचारायच्या आत मीच पराठे लाटून ठेवले होते.

मग तो आमचा नेमच झाला. पुढे मला जवळच्याच गेर्लिंगेनला काम मिळालं, तरी शनिवार सुटला नाही. हिवाळ्यामागून हिवाळा आम्ही दोघी जात राहिलो. हॉटेलबाहेरच्या बाकावर बसून मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी खायची, शेजारच्या बाकांवरच्या माना वळल्या की हसायचं, आणि पुन्हा वर. ती नेहमी माझ्या जरा पुढे, हळूहळू, मान मागे वळवून माझ्या पायांकडे बघत उतरायची. मराठी मंडळात बाकीच्या आया तक्रार करत की या वयाच्या मुली आपल्याशी बोलतसुद्धा नाहीत. मी गप्प राहायला हवं होतं, पण मी तोरा मिरवायची. माझी मुलगी दर शनिवारी माझ्याबरोबर असते म्हणायची.

यंदा फेब्रुवारीत ती गरम चहा आणायला गेली होती आणि मी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभी होते. क्लबमधली एक बाई माझ्याशी बोलायला आली. मुलांच्या स्पर्धेच्या संघाला ती शिकवते. शनिवारी याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला त्यांचा सराव असतो, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, तुमच्या मुलीच्या कार्विंगसारखं कार्विंग मी फार थोड्या मुलांचं पाहिलंय. तिला मी एकदा संघात बोलावलं होतं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, शनिवारी मला आईबरोबर जायचं असतं, तिला माझी गरज आहे. आता बारावीचं वर्ष येणार, वयही निघून गेलं. "शाडं," ती बाई म्हणाली. वाईट झालं. जर्मन माणसं एवढं बोलून गप्प बसतात. ती माझ्याकडे पाहून हसली आणि आपल्या मुलांकडे गेली.

लिफ्टच्या उघड्या खुर्चीत मुलगी शेजारी बसून चहा पीत होती. खाली लाल-निळ्या काठ्यांमधून संघातली मुलं एकामागून एक वळणं घेत होती. ती त्यांच्याकडे बघत होती. याआधीही ती तशीच बघत असणार, आणि मी आपली माझ्या मागच्या पायाचा विचार करत बसलेली.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत जर्मनमध्ये म्हणाली, "तुला इतका आनंद होत होता." तिने पुढे सांगितलं की सुरुवातीला तिला वाटलं, आईला काम मिळेपर्यंतच हे करायचं. काम मिळाल्यावर मी शुक्रवारी कणीक मळायला घ्यायची ते तिला दिसायचं. मग कसं सांगायचं? तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की मी काही तिला अडवलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. ते खरंच आहे. पण माहीत नसल्याने काही परत मिळत नाही. या मुलीने आपल्याकडचं काही घेतलं नाही म्हणून मी हळहळत होते. भाषा नाही, श्लोक नाहीत, सण तेवढ्यापुरते. आणि तिने घेतलं ते नेमकं हे. खारट आमटी मागून खाणं. ते मी तिला शिकवलंही नव्हतं, आणि आता तिच्याकडून ते काढून घेता येत नव्हतं.

मोसमातल्या शेवटच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. वर पोचल्यावर मी तिला सांगितलं, आज तू माझ्यासाठी थांबू नकोस, तुला हवं तसं जा. ती घुटमळली, तेव्हा मी जरा रागावूनच "जा" म्हणाले. ती गेली.

इतक्या हिवाळ्यांत मी तिला पूर्ण वेगात कधी पाहिलंच नव्हतं. ती इतकी कलली की तिचा हातमोजा बर्फाला लागत होता. उठली, दुसऱ्या बाजूला कलली, पुन्हा उठली. कुठे घाई नाही, धक्का नाही. खालपर्यंत एकच बारीक रेघ डावी-उजवी होत गेली. मी वर उभी राहून रडले. गॉगल होता म्हणून बरं.

मग मी निघाले. तिच्या रेघेशेजारून जायचं ठरवलं होतं. बोटांकडच्या कडेवर दोन वळणं खरंच छान झाली, बोर्डने आपण होऊन वळण घेतलं. टाचेकडच्या कडेवर पाय पुन्हा घाबरला, आणि मग शेवटपर्यंत घाबरतच राहिला. खाली पोचून मी मागे पाहिलं. तिच्या रेघेला लागून माझे फराटे होते, एक तर तिच्या रेघेवरून गेला होता.

ती माझ्याच पायांकडे बघत उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती आता ते ठरलेलं वाक्य बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. तिने ते बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं.

"छान झालं, आई," ती मराठीत म्हणाली.