नजर मधोमध, लक्ष उजवीकडे

मेंदूला छोटा झटका येऊन गेला, त्याला पाच महिने झाले होते. हातपाय ठीक चालत होते. तरी बायको मला प्रताप नगरहून धंतोलीच्या एका दवाखान्यात घेऊन गेली आणि आधी एकटीच डॉक्टरांशी बोलून आली. मला ते खटकलं. माझी स्कूटर बंद करायचा दोघांचा बेत असणार, असं मी मनाशी धरलं.

तपासणाऱ्या मुलीनं डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी चढवली, केसांत गार जेल भरलं.

"काका, नजर पडद्यावरच्या मधल्या फुलीवरून हलवायची नाही. बाण दाखवेल त्या बाजूच्या चौकटीकडे नुसतं लक्ष द्यायचं."

मनातलं लक्ष यंत्राला काय कळणार? मी परीक्षाच घ्यायची ठरवली. नजर फुलीवर ठेवली, पण बाण डावीकडे आला की मुद्दाम उजवीकडे ध्यान लावायचो.

फेरी संपली. मुलगी बराच वेळ आलेख बघत होती.

"काका, बाण डावीकडे असताना तुमचं लक्ष उजवीकडे होतं का?"

मी छताच्या कोपऱ्यांत कॅमेरा शोधला. "बायकोनं सांगितलं का तुम्हाला?"

"त्यांना कसं कळेल? लक्ष ज्या बाजूला जातं, त्याच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूतल्या लहरी बदलतात. डोळे हलले नाहीत तरी."

दुसऱ्या फेरीत ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. ती मी इमानदारीनं केली. डावीकडचे निम्मे ठिपके माझे सुटले, म्हणे. मला तर ते आलेच नव्हते असं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. डाव्या बाजूला लक्ष जायला वेळ लागतो. तीन महिने गाडी चालवू नका. मग पुन्हा बघू."

ऑटोत बसल्यावर मी बायकोला विचारलं, "आधी काय सांगितलं तू त्यांना?"

"तुमची आवडती जवसाची चटणी ताटात डावीकडे वाढते, तं तुमी हातही नाही लावत. दोन महिन्यांपासून पाहून राहिली मी."

"मग मले काहून नाही बोलली?"

"मानलं असतं काय जी तुमी?"

घरातच माझ्यावर पाळत होती, याचा राग आला. त्या दिवशी जेवताना मान डावीकडे वळवून ताटात पाहिलं. चटणी होती. अजूनही बायको वाढते तेव्हा डावीकडे काय ठेवलं ते सुटू नये म्हणून मी तिच्या हाताकडेच बघत असतो.